तात्यांचा डोंगर

नाटकाला आलेला माणूस मागच्या पडद्याकडे बघत नाही, आणि त्यानं बघू नये अशीच आम्हा धंदेवाल्यांची इच्छा असते. नटांच्या पाठीमागे महाल, रस्ता किंवा जंगल टांगलेलं असतं, त्या पडद्यांबद्दल मी बोलतो आहे. राजा महालात उभा आहे एवढं लोकांना वाटलं की आमचं काम झालं. खांबाची सावली कुठल्या बाजूला पडली आहे, याचा विचार प्रेक्षक करू लागला तर समजावं की नट तरी वाईट आहे किंवा पडदा तरी.

गिरगावातल्या एका वाडीत, तळमजल्यावरच्या लांबट गाळ्यात, मी आजवर पडदे रंगवत आलो आहे. गाळा तात्यांचा, पडदे तात्यांचे, आणि माझा हातही तात्यांनीच घडवलेला. ते वरच्या मजल्यावर राहायचे. हात कापू लागले तेव्हापासून त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि गाळा माझ्यावर सोपवला. त्यांना मूलबाळ नव्हतं. 'दिनू आहे ना,' एवढंच ते लोकांना सांगत. ते ऐकलं की मला बरं वाटायच्या आधी ओशाळल्यासारखं व्हायचं. माझा स्वभावच तसा आहे. वाट्याला काही चांगलं आलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी मी उचललं आहे असं मला वाटत राहतं. बायको म्हणते, "तुम्ही जेवतानासुद्धा माफी मागितल्यासारखे जेवता."

बाहेरच्या माणसाला आमचं काम थोडं समजावून सांगितलं पाहिजे. मांजरपाटाच्या सुती कापडाचे पन्हे एकाला एक शिवून मोठा पडदा करायचा, तो जमिनीवर अंथरायचा, सरस आणि खडूचा हात द्यायचा आणि तो वाळला की त्यावर अनवाणी चालत रंगवायचं. कुंचले बांबूला बांधलेले असतात. हात खांद्यापासून फिरतो, बोटांना फारसं काम नसतं. त्यामुळे आमच्यातल्या भल्याभल्यांना कागदावर साधी मांजर काढता येत नाही. सरसाचा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणजे आज दिसतो तो रंग खरा नाही, उद्या दिसेल तो खरा. ते 'उद्या' डोळ्यांना दिसू लागायला वर्षं जातात. मध्येच जिन्यावर चढून खाली बघायचं, कारण पडद्यावर उभं राहून पडदा दिसत नाही.

तयार पडदे प्रयोगापुरते भाड्यानं जातात. आमची गिऱ्हाइकं म्हणजे परळ, लालबाग, करी रोडची हौशी नाट्यमंडळं. गिरण्यांत काम करणारी, गणपतीत आणि जत्रेत नाटकं बसवणारी माणसं. कुणी सगळे पडदे न्यायचे, कुणी दोनावर भागवायचे. लोअर परळच्या एका मंडळानं पौराणिक नाटकाला फक्त महाल आणि रस्ता नेला. आमच्या रस्त्यावर म्युनिसिपालटीचा दिव्याचा खांब होता. त्यांचे रामचंद्र चौदा वर्षं त्या खांबाखाली वनवासात राहिले आणि एकाही प्रेक्षकानं तक्रार केली नाही. प्रेक्षक असा उदार असतो. म्हणूनच पुढे जे घडलं त्यानं मी हबकलो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा तो भर होता. संध्याकाळ झाली की कुठे ना कुठे सभा असायची, चाळीचाळींतून पोरंबाळं घोषणा देत फिरायची आणि शाहीर डफावर थाप मारून सह्याद्रीला हाक घालायचे. सह्याद्री हा शब्द तेव्हा इतका कानांवर पडे की तो कुणी शेजारी राहतो आहे असं वाटावं. त्या हवेत करी रोडच्या एका मंडळानं ऐतिहासिक नाटक बसवलं. मंडळाचा म्होरक्या सखाराम, गिरणीत विणकर, जुन्नरकडच्या घाटमाथ्यावरचा. उंच, खणखणीत आवाजाचा. सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आलेला. तो आमचा जंगल-डोंगराचा पडदा घेऊन गेला.

तो पडदा तात्यांनी तरुणपणी रंगवलेला. त्रिकोणी, टोकदार डोंगर, एकामागे एक, निळे. आणि सगळ्यांत मागच्या शिखरावर पांढरा शुभ्र हात मारलेला. पायथ्याशी सुयांसारखी उभी झाडं. कितीतरी नाटकांच्या मागे तो डोंगर उभा राहिला होता. त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

प्रयोग रविवारी दुपारी परळच्या एका सभागृहात होता. मी विंगेत उभा होतो. मावळे गड चढायला निघाले, पडदा सुटला, आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "अरं, गडावर बरफ पडलाय!"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "मावळ्यांना स्वेटर द्या रं कुणीतरी!"

"ह्यो आपला सह्याद्री न्हाय. ह्यो काश्मीरचा पावना हाय!"

सखाराम तलवार उपसून तसाच थांबला. त्याचं वाक्य होतं, 'या माझ्या सह्याद्रीच्या कड्यांनो!' ते म्हणायला तो मागे वळला, पडदा बघितला आणि त्यालाच हसू फुटलं. सगळा प्रवेश वाहून गेला. इतकी वर्षं ज्या डोंगराकडे कुणी बघितलं नव्हतं, त्याच्याकडे त्या दिवशी सगळं सभागृह बघत होतं. आणि बघणारा निम्माअधिक माणूस घाटाखालचा नाहीतर घाटावरचा होता.

पडदा गुंडाळताना सखाराम माझ्याजवळ आला. "पेंटर, रागावू नका. पण तुळशीच्या लग्नानंतर आमचा पुन्यांदा प्रयोग हाय. तवा आपला डोंगर पायजे."

"मी डोंगर पाहिलेला नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. मी वांद्र्याच्या टेकडीपलीकडे काही चढलो नव्हतो.

"मग चला की गावाला. दसऱ्यानंतर मी भाताला जानार हाय. डोंगर काय कुठं पळून जात न्हाय."

जावं की नाही, यात माझे कितीतरी दिवस गेले. दिवाळीच्या तोंडावर गाळा बंद ठेवायचा. भोवताली माणसं सभांना जात होती, लाठ्या खात होती, आणि मी हवा खायला डोंगरावर? खरं कारण तर मी कुणाला सांगितलंच नव्हतं. वर्षभर मला कामाची शिसारी आली होती. महाल, रस्ता, तुरुंग. तेच खांब, तेच गज. कुंचला बुडवला की पुढचा फराटा कुठे पडणार ते हाताला पाठ असायचं आणि डोळे भिंतीवरच्या पालीकडे बघत असायचे.

बायको म्हणाली, "जा हो. इथं बसून तरी काय उजेड पाडताय?"

तात्या मात्र हसले. "डोंगर बघायला डोंगरावर जातात होय, दिनू? पडदा बाराव्या रांगेतून बघायचा असतो."

"बाराव्या रांगेतलेच हसले, तात्या."



मुरबाडच्या पुढे आम्ही एस.टी.तून उतरलो आणि नाणेघाटाच्या वाटेला लागलो. सखारामच्या गावचे मुंबईकर असेच चालत वर जातात. त्याच्या डोक्यावर ट्रंक, माझ्या हातात पिशवी, तरी धापा मीच टाकत होतो. अर्ध्या चढावर त्यानं मला बसवलं. म्हणाला, "आता ह्या अंगाला बघा."

तिकडे बघितलं आणि आधी काही कळलंच नाही. मी टोकं शोधत होतो. माझ्या डोक्यात डोंगर म्हणजे त्रिकोण. समोर एकही त्रिकोण नव्हता. काळ्या कातळाचा एक आडवा पट्टा, त्यावर पिवळट गवताची पायरी, पुन्हा कातळ, पुन्हा गवत. आणि माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट. घडी घालून एकावर एक ठेवलेल्या लुगड्यांसारखा तो सगळा डोंगर आडवा होता. मी उभं आयुष्य डोंगराला उभ्या रेषा मारत आलो होतो.

आम्ही वर पोचलो. पाऊस संपून हवा धुतल्यासारखी झालेली. सोनकीची फुलं सरत आली होती, तरी उतारावर तिचे पिवळे शिंतोडे राहिले होते. गवताचे तुरे तांबूस व्हायला लागलेले. वारा खालून कोकणातून कडा चढून यायचा. सखारामनं मूठभर गवत उपटून दरीत फेकलं, तर ते पुन्हा आमच्याच अंगावर आलं. आम्ही दोघं बाप्ये माणसं बराच वेळ तोच खेळ खेळत बसलो. ऊन उतरलं तशी सावली जांभळी झाली. लांबच्या रांगा एकामागे एक सपाट होत गेल्या, आणि मला हसायला आलं, कारण त्या थेट आमच्या विंगांसारख्या दिसत होत्या. कापून, रंगवून, एकापुढे एक उभ्या केलेल्या.

सखाराम म्हणाला, "कसा काय वाटला?"

मी म्हणालो, "ह्याला रंगवायला पांढरा लागत नाही."

किती दिवसांनी मला रंग कालवावासा वाटत होता. कागदावर जमणार नव्हतं. सखारामच्या घरापुढे मळणीसाठी खळं नुकतंच सारवलं होतं. काळसर, गुळगुळीत, गाळ्याच्या जमिनीएवढं. मी एका काठीला चिंधी बांधली, शेजारून चुना, चुलीतली राख आणि थोडी काव मिळवली, आणि सकाळच्या उन्हात त्या खळ्यावर डोंगर काढू लागलो. दुपार कधी झाली कळलं नाही. सखारामची आई भाकऱ्या घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"आरं सख्या! ह्यो तुझा पावना खळ्यावर भुतं काढतोय का काय?"

"आये, डोंगर हाय त्यो. आपलाच."

म्हातारीनं एकदा खळ्याकडे बघितलं, एकदा समोर. "मग हितं कशाला? त्यो काय तिथं हाय की." आणि मला म्हणाली, "जेवा आता. डोंगर काय जेवायला घालनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्याच खळ्यावर भाताचे भारे आले. बैल फिरले आणि माझा डोंगर पेंढ्याखाली मोडून गेला. मला जराही वाईट वाटलं नाही. उलट हातांत इतकं काही भरून राहिलं होतं की पुसलेलं चित्र आठवतही नव्हतं. तिथेच मी स्वतःशी ठरवून टाकलं की तात्यांनाही असंच वाटेल. माझं चुकलं ते इथं.

कारण नव्या पडद्याला कापड नव्हतं. आमच्यात जुना पडदा धुऊन त्यावरच नवा रंगवण्याची रीत आहे. सरसाचा रंग पाण्यानं सुटतो. माझा डोंगर रंगवायचा तर तात्यांचा धुवायला हवा होता. आणि धुण्याची दुसरी एक रीत आहे. ज्यानं पडदा रंगवला, तो हयात असेल तर पहिला तांब्या त्याच्या हातचा. त्याच्या परवानगीशिवाय त्या पडद्याला पाणी लावत नाहीत.

मी वर गेलो. तात्या खिडकीशी सुपारी कातरत बसले होते.

"बघितलास डोंगर?"

"बघितला."

"कसा आहे?"

"आडवा आहे, तात्या."

ते मोठ्यानं हसले. "आडवा! म्हणजे झोपलेला?"

मग मी धुण्याचं बोललो. अडकित्ता थांबला.

"म्हणजे माझा पुसायचा."

"कापड नाही ना, तात्या."

"महाल धू. महाल तीन आहेत."

"तिन्ही रोज बाहेर असतात. डोंगर आता कुणी नेणार नाही."

हे बोललो नसतो तर बरं झालं असतं. ते खिडकीकडे तोंड करून बसले. सुपारीचं खांड हातात तसंच होतं. मी जिना उतरलो. खाली गाळ्यात तो पडदा बांबूवर गुंडाळलेला होता. वर कुणाला कळणार नाही अशा वेळी तो धुऊन टाकता आला असता. पण मग तो गाळा माझा राहिला नसता.

करी रोडला जाऊन सखारामला सांगितलं की डोंगर होत नाही.

तो म्हणाला, "म्हाताऱ्याला नको दुखवायला. आम्ही काळ्या पडद्यावर करतो. लोकांना सांगू, अमावस्या हाय."

तो हसत होता, पण वाक्य म्हणायला त्याच्या पाठीशी काही नसणार हे दोघांनाही दिसत होतं. परत येताना मी लालबागेत उगीच एका दुकानातून चुना घेतला. कशाला घेतला ते मलाही कळलं नाही.

त्यानंतर एका सकाळी मी महालाच्या खांबांना हात देत होतो, तेव्हा तात्या भिंत धरून जिना उतरले.

"माझा पडदा अंथर," ते म्हणाले.

मी अंथरला. ते जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून बघत राहिले. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार.

"हा कुठून आला ठाऊक आहे? बिस्किटांच्या डब्यावर होता. शेजारी एक पारशीण राहायची, तिच्याकडचा रिकामा डबा. गिरगावात जन्मलो, गिरगावातच वाढलो. मलबार हिलला डोंगर म्हणायचं तर म्हण. मला वाटलं, डोंगर असाच असणार. इतकं झकास छापलेलं खोटं कोण छापेल?"

"तात्या, पडदा उत्तम आहे. लोक..."

"लोकांचं सांगू नकोस. तू बघितलास तेव्हा तुला काय झालं ते सांग."

मी म्हणालो, "वर्षभर हातात काही नव्हतं. तिथं गेल्यावर आलं."

ते पायरीवरून उठले. मग म्हणाले, "तांब्या दे."

त्यांचा हात इतका कापत होता की अर्धं पाणी आधीच सांडलं. मी तांब्याला हात लावायला गेलो तर त्यांनी नजरेनं मागे सारलं. वाकून त्यांनी सुयांसारख्या झाडांवर पाणी ओतलं. हिरवा ओघळला. मग ते पडद्यावरून चालत गेले, अनवाणी, तरुणपणी चालत असतील तसे, आणि राहिलेलं पाणी त्या पांढऱ्या शिखरावर घातलं. मागे वळून न बघता वर निघून गेले. मी बादल्यांवर बादल्या ओतल्या. निळं पाणी गाळ्यातून वाडीच्या गटारात वाहत होतं आणि मी रडत होतो, आणि खोटं कशाला सांगू, कोरं कापड दिसू लागलं तसा मला आनंदही होत होता.

तो पडदा मी ज्या सुखानं रंगवला, ते सुख मला त्यापूर्वी ठाऊक नव्हतं. काळ्या पट्ट्यात जांभळा किती घालायचा, गवताचा पिवळा वाळल्यावर कुठे जाईल, हे हात आपोआप सांगत होता. नाही जमलं तिथं पुसून पुन्हा केलं. जेवणाची शुद्ध नव्हती. बायको डबा पाठवायची आणि तो तसाच परत जायचा, तेव्हा ती स्वतः गाळ्यात येऊन बसली. पडद्याकडे बघून म्हणाली, "इथं वारा आहे." एवढंच. पण ती कधी कामाबद्दल बोलत नाही.

प्रयोगाला तात्या आले नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं. पडदा सुटला तेव्हा मी विंगेत डोळे मिटून उभा होतो. हशा आला नाही. जरा वेळानं एक आवाज आला, "आमच्याकडचा हाय ह्यो. वाईचा."

"हाड! जुन्नरचा हाय."

"गप रे! आमच्या खेडकडून वर बघितलं ना, की अस्साच दिसतो!"

भांडणच लागलं. सखाराम तलवार धरून वाट बघत उभा. शेवटी तो प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, "मंडळी, डोंगर सगळ्यांचाच हाय, मला जरा गड घेऊ द्या!" टाळ्यांनी सभागृह दणाणलं, आणि मग त्यानं मागे वळून आपलं वाक्य म्हटलं. तसं ते त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही.

मी गिरगावात येऊन तात्यांना सगळं सांगितलं. वाईचं, जुन्नरचं, खेडचं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं झालं," म्हणाले आणि दिवा लावायला उठले. मला वाटलं होतं ते खाली येऊन पडदा बघतील. ते आले नाहीत. तो भाड्यानं जायचा, यायचा, सगळ्यांत जास्त तोच जायचा. आणि दर वेळी तो बांबूवर चढवताना वरच्या मजल्यावर पावलं ऐकू येतात का, म्हणून मी कान देत असे.

वर्ष गेलं. पुन्हा आश्विन आला. मी गाळा झाडत होतो. तात्या कोट घालून, काठी घेऊन खाली आले.

"आडवा म्हणालास ना? दाखव."

घाट चढणं त्यांना शक्य नव्हतं. मुरबाडच्या पुढे, पायथ्याजवळ एक चहाची टपरी आहे, तिथवर मी त्यांना नेलं. टपरीवाल्यानं बाकडं बाहेर काढून दिलं. समोर सगळी भिंत उभी होती. काळे पट्टे, पिवळ्या पायऱ्या, सपाट माथा. दुपार कलत होती. तात्या काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. चहा निवला. टपरीवाल्यानं तो बदलून दिला, तोही निवला. ते मान जरा तिरकी करून, एक डोळा बारीक करून बघत होते, जसे जिन्यावरून पडदा बघायचे. सावली जांभळी होत वर चढली. 

मग ते म्हणाले, "दिनू, माझाही बरा होता रे."

"होता, तात्या," मी म्हणालो. "फार चांगला होता."

"ह्याच्याएवढा नाही."

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. परतीच्या एस.टी.त त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली.